लहान सस्तन प्राण्यांचं गटजीवन आणि नव्या प्रजाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंदीर, खारी, वटवाघळं, मीरकॅट (आफ्रिकेतलं एक छोटं मुंगूस) यांच्या एकोप्याबद्दल आणि त्यांच्यात नव्या प्रजाती कशा तयार होतात याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे किचकट होत जातात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. "लहान सस्तन प्राणी" म्हणजे नक्की कोण?

काटेकोर रेघ कुणीच मारलेली नाही. या पानापुरतं, साधारण किलोभर वजनाच्या आतले प्राणी धरा: उंदीर, व्होल (आखूड शेपटीचा, गवतात राहणारा उंदरासारखा प्राणी), खारी, चिचुंदऱ्या, वटवाघळं, छोटी मुंगसं, माउस लेमर (माकडांचा चिमुकला, दूरचा नातेवाईक). मार्मोटसारखे चार-दोन थोराड नातेवाईक मुद्द्यापुरते येतील. हा काही कोपऱ्यातला विषय नाही. सस्तन प्राण्यांच्या आज सुमारे साडेसहा हजार प्रजाती मानल्या जातात. त्यातल्या जवळपास ४० टक्के कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या आणि २० टक्क्यांच्या आसपास वटवाघळांच्या आहेत. हत्ती आणि वाघ हेच खरं तर अपवाद.

२. एकाच बिळात चार उंदीर दिसले, म्हणजे ते सामाजिक झाले का?

तेवढ्याने नाही. थंडीत ऊब मिळावी म्हणून एरवी एकमेकांना जवळ येऊ न देणारे प्राणीही एका घरट्यात झोपतात आणि हवा बदलली की पांगतात. सामाजिक म्हणायला काहीतरी टिकाऊ नातं लागतं: तेच सोबती, ठरलेली हद्द, एकमेकांची ओळख. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पिलं मिळून वाढवणं. आणि अगदी टोकाला, गटातल्या बहुतेकांनी स्वतः कधीच पिलं न घालता दुसऱ्याच्या पिलांसाठी राबणं. हे टोक सस्तन प्राण्यांत फार थोड्यांनी गाठलं (प्रश्न ६).

याला "पायरी" म्हटलं खरं, पण सगळे एकाच दिशेने वर चढत आहेत असं समजू नका. गटात राहणाऱ्यांचे वंशज पुन्हा एकटे राहू लागल्याचीही उदाहरणं आहेत.

३. एकत्र राहण्याचे इतके फायदे आहेत, तर बहुतेक जण एकटे का राहतात?

कारण शेजार महाग पडतो. पिसवा आणि रोग झपाट्याने पसरतात, जवळचं खाणं लवकर संपतं, गजबजलेलं बीळ शिकाऱ्याला पटकन सापडतं. ऊब मिळते, खोदकाम वाटून होतं, पाळत ठेवायला जास्त डोळे असतात हे खरं. पण पारडं फिरवणारी गोष्ट बहुतेक वेळा वेगळीच असते: *पिलाला घर सोडणं किती धोक्याचं आहे?*

मार्मोट या थोराड खारींकडे बघा. सखल भागातला वुडचक एकटा राहतो, त्याची पिलं पहिल्याच उन्हाळ्यात घर सोडतात. उंच डोंगरावरच्या आल्पाइन मार्मोटला उन्हाळा इतका तोकडा मिळतो की पिलांची वाढ एका मोसमात पुरी होत नाही. ती आईबापांच्या बिळात राहतात आणि हिवाळाभर एकमेकांना चिकटून झोपतात. एकोपा इथे आधी गरजेतून आला, फायदे मागाहून जमले. हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढे प्रजातींच्या प्रश्नातही ते परत लागेल.

४. हे गटजीवन किती जुनं आहे? डायनासोरांच्या काळात होतं का?

होतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत फिलिकोमिस नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याचे सांगाडे घोळक्याने सापडले, प्रौढ आणि अर्धवट वाढलेले एकत्र. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की हे बिळात राहणारे गट होते. हा प्राणी ज्या कुळातला होता ते कुळ पुढे नामशेष झालं, म्हणजे आजच्या उंदरांचा तो पूर्वज नव्हे. एकोपा सस्तन प्राण्यांत पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शाखांवर उगवला आहे.

५. दुसऱ्याच्या पिलांसाठी जीव धोक्यात घालणारा प्राणी नैसर्गिक निवडीत टिकतो कसा?

नात्यामुळे. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये याचं गणित मांडलं: मदतीमुळे नातलगाला होणारा फायदा, नात्याच्या जवळिकीने गुणल्यावर, स्वतःच्या तोट्याहून मोठा ठरत असेल तर मदत करण्याची प्रवृत्ती पसरते. सख्ख्या भावंडात आपली निम्मी जनुकं असतात, म्हणून त्याला वाचवणं हे अंशतः स्वतःलाच पुढे नेणं आहे.

प्रत्यक्षातला गाजलेला पुरावा कॅलिफोर्नियातल्या बेल्डिंग जमिनीखारींचा. पॉल शर्मन यांनी १९७७ मध्ये दाखवलं की जमिनीवरचा शिकारी दिसल्यावर ओरडून धोक्याची सूचना मुख्यतः माद्या देतात, त्यातही ज्यांच्या लेकी-बहिणी आसपास राहतात त्या. नर तरुणपणीच दूर निघून जातात. त्यांचे शेजारी परके असतात आणि ते बहुधा गप्प राहतात. ससाणा आला की मात्र बहुतेक सगळेच शीळ घालून पळतात, कारण त्या शिळेने ओरडणाऱ्याचाही जीव वाचतो.

प्रत्येक मदतीला त्यागाचं लेबल लावू नका. कलहारीतले मीरकॅट उंचवट्यावर उभे राहून पहारा देतात, पण पहाऱ्यावर बहुधा पोट भरलेलाच चढतो आणि शिकारी त्यालाच सगळ्यात आधी दिसतो.

६. नग्न मोल रॅट खरंच मुंग्यांसारखे राहतात का?

बरंचसं हो. यांच्या वसाहतीचा उलगडा होण्याची गोष्टही छान आहे. रिचर्ड अलेक्झांडर या कीटकतज्ज्ञाने १९७०च्या दशकात व्याख्यानांमधून तर्क मांडला होता की वारुळासारखी वसाहत करणारा सस्तन प्राणी असलाच तर तो जमिनीखाली, सुरक्षित बिळात, मोठ्या कंदांवर जगणारा कुरतडणारा प्राणी असेल. जेनिफर जार्व्हिस यांनी १९८१ मध्ये दाखवलं की आधीपासून ठाऊक असलेला एक प्राणी नेमका तसाच राहतो. केनिया, इथिओपिया आणि सोमालियाच्या कोरड्या जमिनीत राहणारा, सुरकुतलेल्या गुलाबी कातडीचा, जेमतेम ३०-४० ग्रॅमचा.

एका वसाहतीत साधारण ७०-८० जण असतात, कधी त्याच्या कितीतरी पट. पिलं घालते ती एकच राणी, एक ते तीन नरांकडून. बाकीच्या माद्या वांझ नसतात. राणीच्या दबावाखाली त्यांची वीण थांबलेली असते. राणी मेली की त्यांच्यात जीवघेण्या मारामाऱ्या होतात आणि जिंकणारीच्या पाठीचे मणके चक्क लांब होतात, पोटात जास्त पिलं मावावीत म्हणून.

खोदकाम बघण्यासारखं असतं. पुढचा जण दातांनी माती फोडतो. ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे तोंडात माती जात नाही. मागचे रांगेने ती माती पायांनी ढकलत नेतात आणि शेवटचा भोकातून वर उडवतो. बाहेरून बघणाऱ्याला फक्त जमिनीतून मातीचं छोटं कारंजं उडताना दिसतं.

हे सगळं कशासाठी? त्यांचं खाणं म्हणजे लांब लांब अंतरावर विखुरलेले मोठे कंद. कोरड्या मातीत एकट्याने बोगदा काढत पुढचा कंद गाठण्याआधी भुकेने मरण्याचीच शक्यता जास्त. पावसाने माती मऊ झाल्यावर अनेकांनी मिळून खोदलं तर कुणाला तरी कंद लागतो आणि तो सगळ्यांना पुरतो. प्रश्न ३ मधलंच सूत्र इथे टोकाला गेलेलं आहे.

७. मग त्या वसाहतीत सगळे एकमेकांचे भाऊबहीणच? परक्याशी संबंध येतच नाही?

फार कमी येतो. वसाहतीतल्या प्राण्यांमधलं जनुकीय साम्य म्हणूनच एवढं जास्त असतं. पण १९९६ मध्ये एक वेगळा प्रकार नोंदला गेला: काही जण जाडजूड, चरबी साठवलेले, कामात आळशी, घरच्या राणीत रस नसलेले आणि बाहेर पडायला उत्सुक असतात. हे दूर जाऊन परक्या वसाहतीतला जोडीदार शोधण्यासाठीच घडलेले दिसतात.

परका ओळखायला वास आहेच, शिवाय बोलीही आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की प्रत्येक वसाहतीच्या हलक्या चिवचिवाटाची स्वतःची धाटणी असते. दुसऱ्या वसाहतीत वाढवलेलं पिलू तिथली धाटणी उचलतं, आणि राणी गेली की ती धाटणी विस्कळीत होते.

८. नातं नसलेल्यांनाही हे प्राणी मदत करतात का?

रक्तपिपासू वटवाघळं करतात. सलग दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर वटवाघूळ मरतं, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला रक्त उलटून भरवतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये हे कोस्टा रिकातल्या निरीक्षणांवरून मांडलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की कोण कुणाला भरवेल हे सांगायला नात्यापेक्षा "याने मला आधी भरवलं होतं का" ही गोष्ट जास्त उपयोगी पडते.

९. गटात सगळं गोडीगुलाबीचं असतं का?

अजिबात नाही. मीरकॅटची मुख्य मादी दुय्यम माद्यांची पिलं मारते आणि गाभण राहिलेलीला हाकलून देते. एवढ्या छळानंतरही हाकललेली मादी बहुधा परत येते, कारण बाहेर एकटं राहणं त्याहून वाईट.

१०. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात, हे गटासाठीच ना?

करत नाहीत. संख्या फुगली की लेमिंग (उत्तरेकडच्या थंड प्रदेशातला व्होलसारखा प्राणी) नव्या जागेच्या शोधात निघतात, त्यात काही बुडून मरतात. कड्यावरून उड्या टाकणारे लेमिंग १९५८च्या एका माहितीपटात दिसले, पण ते दृश्य जुळवून घेतलेलं होतं. हा प्राणी मुळात एकलकोंडा आणि भांडखोर आहे.

११. प्रेअरी व्होल जन्मभर एकनिष्ठ असतात आणि ते ऑक्सिटोसिनमुळे, हे खरं का?

अर्धं खरं. सस्तन प्राण्यांत नर-मादीची टिकाऊ जोडी दुर्मीळ आहे. सुमारे अडीच हजार प्रजातींच्या २०१३ मधल्या तुलनेत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास निघालं. प्रेअरी व्होल त्यांतले. जोडी एका घरट्यात राहते, नर पिलांना चाटतो, ऊब देतो, परक्याला हुसकावतो. पण रानातल्या पिलांची जनुकीय तपासणी केल्यावर बाहेरचे बापही निघतात. जोडी संसाराची असते, शय्येची नेहमीच नाही.

ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांचा हात आहे यात शंका नाही. २००४ मध्ये संशोधकांनी स्वैर वृत्तीच्या मेडो व्होलच्या मेंदूतल्या एका विशिष्ट भागात व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहकाचं (म्हणजे ते संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाचं) जनुक वाढवलं आणि नर एकाच मादीला चिकटू लागले. त्यावर "एकनिष्ठतेचं जनुक सापडलं" असे मथळे आले. ते घाईचे होते. त्या जनुकाजवळच्या डीएनएच्या ज्या लांबलचक पट्ट्याला श्रेय दिलं जात होतं, तो अनेक स्वैर व्होल प्रजातींतही आहे, हे २००६ मध्येच दिसलं. २०२३ मध्ये क्रिस्पर या जनुकं कापण्या-बदलण्याच्या तंत्राने ऑक्सिटोसिनचा ग्राहकच काढून टाकलेले प्रेअरी व्होल तयार केले गेले, आणि त्यांनीही जोड्या जमवल्या. एवढं महत्त्वाचं वर्तन एकाच खुंटीवर टांगलेलं नसतं, असा मी याचा अर्थ घेतो.

१२. म्हणजे वर्तन जनुकांत नसतंच?

असतं, पण विखुरलेलं. पेरोमिस्कस उंदरांच्या दोन प्रजाती घ्या. डिअर माउसची मादी अनेक नरांशी संग करते आणि त्यांचं बीळ आखूड असतं. ओल्डफील्ड माउस जोडीने राहतो आणि लांब प्रवेशबोगद्याचं बीळ खणतो. शिवाय मागच्या बाजूने एक चोरवाट वर नेतो, जी जमिनीला भोक पाडण्याआधीच थांबते. साप आत शिरला की उरलेली माती फोडून उंदीर पसार. प्रयोगशाळेत जन्मलेला, कधी बीळ न पाहिलेला ओल्डफील्ड माउसही वाळू मिळताच हेच खणतो.

होपी हॉक्स्ट्रा यांच्या गटाने दोन्हींचा संकर करून २०१३ मध्ये बोगद्याच्या लांबीशी जोडलेले जनुकसंचाचे तीन भाग आणि चोरवाटेशी जोडलेला एक भाग शोधला. २०१७ मध्ये पिलांच्या संगोपनाशी संबंधित १२ भाग सापडले. त्यातले बरेच फक्त नरात किंवा फक्त मादीत परिणाम करतात. थोडक्यात, बाप पिलांची काळजी घेऊ लागला तो आईची कृती उचलून नव्हे. त्याची वाट निदान काही अंशी स्वतंत्र होती.

१३. "नवी प्रजाती सापडली" अशी बातमी येते. ती नुकतीच तयार झालेली असते का?

जवळजवळ कधीच नाही. ती होतीच, आपल्याला ओळखू आली नव्हती. युरोपातलं सगळ्यात परिचित पिपिस्ट्रेल वटवाघूळ शतकभराहून अधिक काळ एकच समजलं गेलं. १९९०च्या दशकात लक्षात आलं की काहींची हाक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास असते, काहींची ५५च्या, आणि जनुकं तपासल्यावर त्या दोन प्रजाती निघाल्या. दिसायला सारख्या, कानाला वेगळ्या.

उलटंही होतं. मादागास्करच्या माउस लेमरच्या १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दोनच प्रजाती मानल्या जात. पुढे जनुकीय तपासण्यांमुळे आकडा विसाच्या पुढे गेला. मग जास्त ठिकाणचे नमुने, आवाज आणि शरीराची मापं एकत्र तपासल्यावर त्यातली काही नावं पुन्हा एकमेकांत विलीन करावी लागली.

१४. खरोखर नवी प्रजाती तयार व्हायला किती काळ लागतो?

ठरावीक आकडा नाही. मायक्रोटस वंशाच्या व्होलनी वीसेक लाख वर्षांत साठाहून अधिक प्रजाती घडवल्या. सस्तन प्राण्यांसाठी हा भलताच वेग आहे. त्यांची गुणसूत्रसंख्या १७ पासून ६०च्या वर जाते.

सुरुवात त्याहून जलद होऊ शकते. अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावर घरउंदीर जहाजांतून साधारण गेल्या हजार वर्षांत पोचले. मूळ संख्या ४० गुणसूत्रांची. आज तिथल्या दऱ्यांत सहा निरनिराळे गट आहेत आणि त्यांची संख्या २२ ते ३० पर्यंत उतरली आहे, कारण गुणसूत्रं दोन-दोन जोडली गेली. प्रत्येक खोऱ्यातली जोडणी वेगळी. या अजून प्रजाती नव्हेत, पण वाट धरलेली दिसते.

१५. गुणसूत्रं जुळली नाहीत तर संकर वांझ होतो ना? मग विषय संपला?

तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. साध्या युरोपीय चिचुंदरीचे सत्तरहून अधिक गुणसूत्रगट आहेत. दोन गटांच्या संकरात बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या लांब साखळ्या तयार होतात, तरीही अनेक सीमांवर जनुकं इकडून तिकडे जात राहतात. वांझपण अपेक्षेपेक्षा कमी निघालं.

दुसरीकडे, गुणसूत्रसंख्या तीच असूनही अडचण येते. घरउंदराच्या पूर्व आणि पश्चिम युरोपातल्या पोटजाती स्कँडिनेव्हियापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या एका अरुंद पट्ट्यात भेटतात. त्यांच्या काही संकर नरांत शुक्रजंतूच बनत नाहीत. प्रागमधल्या यिरी फोरेय्त यांच्या गटाने २००९ मध्ये त्यामागचं एक जनुक, पीआरडीएम९, शोधलं. सस्तन प्राण्यांच्या संकरांतल्या वांझपणाचं ओळख पटलेलं ते पहिलं जनुक. या पट्ट्याजवळच्या पूर्वेकडच्या उंदरांना आपल्याच पोटजातीच्या मुताचा वास जास्त ठळकपणे आवडतो, म्हणजे शरीराची अडचण हळूहळू आवडीतही उतरते आहे.

१६. गटात राहणाऱ्यांत नव्या प्रजाती जास्त वेगाने तयार होतात का?

हा या पानावरचा सगळ्यात किचकट प्रश्न. १९७७ मध्ये गाय बुश, ॲलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी तसा तर्क मांडला: लहान, बंदिस्त कुटुंबगटांत एखादा गुणसूत्रबदल योगायोगानेच सगळ्यांत पसरू शकतो, म्हणून असे गट असलेल्या प्राण्यांत प्रजाती भराभर फुटाव्यात. कल्पना देखणी आहे, उदाहरणं मात्र दोन्ही बाजूंना सापडतात.

दक्षिण अमेरिकेतल्या टुको-टुकोंच्या (जमिनीखाली बिळात राहणारे कुरतडणारे प्राणी) साठाच्या आसपास प्रजाती आहेत, गुणसूत्रं १० पासून ७० पर्यंत, आणि त्यातले बहुसंख्य पक्के एकलकोंडे. अर्जेंटिनातल्या न्यूकेन प्रांतात माद्या मिळून राहणारी टुको-टुकोची एक प्रजाती आहे. तिचा प्रदेश चिमूटभर आणि जनुकीय विविधता अगदी कमी. चिचुंदऱ्याही एकट्याच राहतात, तरी त्यांचे सत्तर गट (प्रश्न १५). नग्न मोल रॅट एवढा सामाजिक, पण त्याची प्रजाती एकच.

माझ्या मते मोजायची गोष्ट एकोपा ही नव्हेच. मोजायचं ते पिलू जन्मस्थळापासून किती लांब जातं. बिळात राहणारा टुको-टुको एकटा असूनही दूर जात नाही, म्हणून त्याचे तुकडे पडतात. मीरकॅट गटात असूनही नर-माद्या बाहेर पडून नवे गट करतात, म्हणून जनुकं मिसळत राहतात.

१७. एकदा वेगळ्या झालेल्या प्रजाती पुन्हा मिसळतात का?

मिसळतात, थोड्या थोड्या. उंदीर मारण्यासाठी वॉरफरिन १९५०च्या दशकापासून सर्रास वापरात आलं. २०११ मध्ये उघड झालं की जर्मनी आणि स्पेनमधल्या काही घरउंदरांत या विषाला दाद न देणारं जनुक चक्क दुसऱ्या प्रजातीकडून, भूमध्यसागरी अल्जीरियन उंदराकडून आलेलं आहे. या संकरातले नर वांझ असतात, पण काही माद्या नसतात, आणि एवढी फट पुरली.

मिसळण्यातून नवी प्रजाती घडल्याचंही एक उदाहरण दिलं जातं. कॅरिबियनमधल्या लेसर अँटिलीस बेटांवरच्या एका फळखाऊ वटवाघळाच्या जनुकसंचात दोन प्रजातींचं मिश्रण आहे आणि पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा वारसा तिसऱ्याच वंशाचा आहे.

१८. दोन ठिकाणच्या उंदरांचं वर्तन वेगळं दिसलं, तर त्या दोन प्रजाती मानायच्या का?

आफ्रिकेतल्या पट्टेरी उंदराने या प्रश्नावर दोन्ही उत्तरं दिली आहेत. कार्स्टन श्राडिन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या कारू भागात हे उंदीर गटात राहताना पाहिले: एक प्रजननक्षम नर, दोन-चार माद्या आणि घर न सोडलेली मोठी पिलं. ओलसर गवताळ भागात मात्र ते एकटेच राहायचे. सुरुवातीला हे एकाच प्रजातीचं लवचीक वर्तन मानलं गेलं. नंतर जनुकांवरून कळलं की गवताळ भागातले उंदीर वेगळ्या प्रजातीचे आहेत.

म्हणून लवचीकता खोटी ठरली असंही नाही. कारूतच संख्या घटली आणि बिळं रिकामी झाली की तेच गटवाले उंदीर एकटे राहू लागतात. जेमतेम वर्षभराच्या आयुष्यात एखादा नर आधी आईच्या घरट्यात मदतनीस असतो, मग भटक्या होतो आणि संधी मिळाली तर चार माद्यांचा धनी.